टॉफ्लर दांपत्याचं दप्तर वाचताना

ॲल्विन आणि हायडी टॉफ्लर या अमेरिकन लेखक दांपत्याने आयुष्यभर भविष्याविषयी लिहिलं. त्यांचे खासगी आणि व्यावसायिक कागद आता न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखित विभागात आहेत. २०२५च्या जानेवारीत मी ते वाचायचं मनावर घेतलं आणि मे महिन्याच्या अखेरीस त्यातला एक टप्पा पुरा झाला. मी प्राध्यापक नाही, पीएचडी करत नाही, कुठल्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहते, विमा कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मराठीत लिहिते. अशा माणसाला तिथे आत घेतात का, हे सुरुवातीला मला कुणी सांगू शकलं नाही. घेतात, आणि नीट वागवतात. पण वाट कशी आहे हे आधी ठाऊक असतं तर पहिले दोन महिने मनात जी धाकधूक होती ती राहिली नसती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझा प्रश्न सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. ‘फ्यूचर शॉक’ १९७० साली आलं. बदलाचा वेग माणसाला पेलवेनासा झाला की त्याचं काय होतं, हा त्याचा विषय. ही कल्पना ॲल्विन यांनी त्याआधी १९६५ साली ‘होरायझन’ मासिकातल्या लेखात मांडली होती. मग १९८०चं ‘द थर्ड वेव्ह’, १९९०चं ‘पॉवरशिफ्ट’. तिन्ही पुस्तकांवर लेखक म्हणून एकट्या ॲल्विन यांचं नाव आहे. १९९३ साली ‘वॉर अँड अँटी-वॉर’ आलं तेव्हा हायडी यांचं नाव सहलेखिका म्हणून त्यांच्या शेजारी आलं. आधीच्या पुस्तकांतही हायडी यांचा बरोबरीचा वाटा होता हे ॲल्विन यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. म्हणजे सुमारे दोन तपं एक बाई जगभर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या घडणीत होती आणि ग्रंथालयाच्या कार्डावर तिचं नाव नव्हतं. तो वाटा नेमका कसा होता, कागदांत तो दिसतो का, हे मला पाहायचं होतं.

हायडींबद्दल मला ओढ वाटायचं आणखी एक कारण आहे. दोघांची गाठ न्यूयॉर्क विद्यापीठात शिकताना पडली, १९५० साली लग्न झालं आणि दोघं शिक्षणाचं जग सोडून क्लीव्हलंडच्या कारखान्यांत कामाला गेली. ॲल्विन वेल्डिंग आणि मशिनं बसवण्याचं काम करायचे. हायडी ॲल्युमिनियमच्या फाउंड्रीत होत्या आणि तिथे त्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधी झाल्या. मी कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांची धग आणि काळी वाळू काय असते ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. पदवी घेतलेली एक तरुण मुलगी १९५०च्या दशकात तिथे उभी राहून काम करते, इतर कामगार तिला आपली प्रतिनिधी करतात, आणि तीच पुढे उद्योगोत्तर, म्हणजे कारखान्यांच्या युगानंतरच्या, समाजाबद्दलच्या पुस्तकांची निम्मी कर्ती होते, हे मला फार मोठं वाटतं. न्यूयॉर्कला परतल्यावर ॲल्विन ‘फॉर्च्यून’ मासिकात कामगारविषयक लिखाण करू लागले, तर हायडी उद्योग आणि वर्तनविज्ञान या विषयांच्या एका खास ग्रंथालयात काम करत होत्या. माहिती गोळा करणं, तिची वर्गवारी लावणं, हवी तेव्हा ती हाताशी आणणं, हे त्यांचं शिक्षण तिथे झालं असणार असं मला वाटतं.

तर पहिली गोष्ट म्हणजे संग्रहाची सूची. मोठ्या अभिलेखागारांत प्रत्येक संग्रहाची तपशीलवार सूची केलेली असते आणि ती घरबसल्या, फुकट वाचता येते. कागद कुणाचे, कोणत्या वर्षांचे, कसे विभागले आहेत आणि कुठल्या डब्यात कुठलं फोल्डर आहे, एवढं त्यात असतं. फोल्डरच्या आत काय आहे हे मात्र त्यात नसतं. तिथे फक्त मथळा असतो, कधी एखाद्या माणसाचं नाव, कधी एखादं वर्ष. ही सूची संक्रांतीच्या आधीचे दोन शनिवार-रविवार मी वाचत बसले. नणंद म्हणाली, ‘वहिनी, नुसती यादी वाचून काय कळतंय?’ पण कळतं. कुठल्या वर्षांचे कागद दाट आहेत, कुठे विरळ आहेत, काय वेगळं काढून ठेवलंय, हे यादीतच दिसतं. ती वाचल्याशिवाय कुणाला मेल करू नका. ‘मला हा संग्रह बघायचा आहे’ या वाक्याला तिथलं कुणी उपयोगी उत्तर देऊ शकत नाही. ‘१९९३च्या आधीच्या पुस्तकांचे मसुदे आणि त्या काळातला पत्रव्यवहार बघायचा आहे, त्यासाठी हे हे डबे निवडले आहेत’ या वाक्याला लगेच उत्तर येतं.

१४ जानेवारीला मी पहिला मेल पाठवला. त्यात माझा प्रश्न चार ओळींत, निवडलेले डबे, आणि मी विद्यापीठाबाहेरची आहे हे स्पष्ट लिहिलं. आठवड्याच्या आत उत्तर आलं. पदवी विचारली नव्हती, शिफारसपत्र मागितलं नव्हतं. विशेष संग्रहांसाठी ऑनलाइन खातं उघडा, त्यातून डब्यांची मागणी नोंदवा, यायची तारीख ठरवा, आणि पहिल्या दिवशी फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणा, एवढंच. मी ड्रायव्हिंग लायसन्स नेलं. भारतातून येणाऱ्याला पासपोर्ट लागेल. खातं उघडायला किंवा कागद वाचायला पैसे पडत नाहीत.

इथे एक गोष्ट मला मनापासून आवडली. कोलंबिया, प्रिन्स्टन, हार्वर्ड आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांचं मिळून एक सामायिक साठवण केंद्र आहे, आणि ते आहे प्रिन्स्टनच्या फॉरेस्टल कॅम्पसमध्ये, राउट वन या हमरस्त्याला लागून. प्लेन्सबरोहून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. तिथे थंड, कोरड्या हवेत पुस्तकं आणि डबे विषयानुसार नाही, तर आकारानुसार रचलेले असतात आणि बारकोडवरून शोधले जातात. मॅनहॅटनमध्ये एवढी जागा कुठून आणणार! कोलंबियाचे हस्तलिखित संग्रह मोठ्या प्रमाणात बाहेर ठेवलेले असल्यामुळे डबे आधी मागवावे लागतात. इतकी वर्षं किराणा आणायला ज्या रस्त्याने जाते त्याच्या कडेला कुणाकुणाची हयातीभराची दप्तरं ठेवलेली आहेत, हे कळल्यापासून तिथून जाताना माझी नजर त्या बाजूला वळते.

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. वाचनकक्ष कामाच्या दिवशीच उघडा असतो, म्हणजे नोकरी करणाऱ्याला रजा काढावी लागते. डबे हातात यायला दिवस लागतात, मी पहिल्या भेटीच्या तीन आठवडे आधी मागणी नोंदवली होती. आणि २०२४ पासून कोलंबियाच्या कॅम्पसचे दरवाजे बाहेरच्यांना सरसकट उघडे नसतात. ग्रंथालयातली वेळ पक्की झाली की प्रवेशाची सोय ईमेलने कळते. तो मेल फोनवर उघडून ठेवा आणि ओळखपत्र खिशात वर ठेवा, दारावर दोन्ही दाखवावं लागतं.

मला ११ मार्चची, मंगळवारची वेळ मिळाली. प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेनने पेन स्टेशन, साधारण सव्वा तास, आणि तिथून सबवेची १ नंबरची गाडी थेट ११६व्या रस्त्यापर्यंत. ट्रेनचे जाऊन-येऊन चाळीस डॉलरच्या आसपास, सबवेचे तेव्हा एका वेळचे २ डॉलर ९० सेंट. स्वतःच्या गाडीने गेलात तर मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला न शिरल्यास तिथे २०२५ पासून गाड्यांना लागणारा गर्दीकर लागत नाही, पण पुलाचा टोल आणि पार्किंग मिळून हिशेब ट्रेनच्या बराच वर जातो. संपूर्ण कामात माझा खरा खर्च प्रवासाचा आणि रजेचाच झाला.

हा विभाग ज्या बटलर ग्रंथालयात आहे त्याची इमारत १९३४ची. दर्शनी भागावर खांबांच्या वर मोठ्या अक्षरांत नावं कोरलेली आहेत: होमर, हिरोडोटस, सोफोक्लीज, प्लेटो, ॲरिस्टॉटल, डेमॉस्थेनिस, सिसेरो, व्हर्जिल. सगळे पुरुष. १९८९ साली त्या नावांच्या वर लेखिकांची नावं लिहिलेलं लांब कापड टांगलं गेलं होतं, आणि २०१९ साली पुन्हा तसंच नवं कापड लागलं. त्या दुसऱ्या कापडावर टोनी मॉरिसन आणि माया अँजेलू यांच्याबरोबर तमिळनाडूच्या ए. रेवती यांचंही नाव होतं. मी गेले तेव्हा अर्थातच तिथे फक्त दगडातली नावं होती. हायडींचा वाटा शोधायला जाताना त्याच दारातून आत जायचं होतं, आणि मी जरा वेळ थांबून ती सगळी नावं वाचली.

विभाग सहाव्या मजल्यावर आहे. तिथे ओळखपत्र बघतात, नियम समजावतात, आणि कोट, पिशवी, पर्स, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये ठेवायला सांगतात. आत न्यायचं ते लॅपटॉप, फोन, सुटे कागद आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन चालत नाही, कारण शाईचा डाग कागदावरून काढता येत नाही. डबे एकेक करून मिळतात. डब्यातून एका वेळी एकच फोल्डर काढायचं, त्या जागी खुणेचा पुठ्ठा ठेवायचा, आणि आतले कागद आहेत त्याच क्रमाने उलटायचे. कागद टेबलावर सपाट, उचलून डोळ्यांजवळ धरायचा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्यांनी जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडले आहेत त्यांना ही शिस्त नवी वाटणार नाही.

पहिला डबा समोर आला तेव्हा माझे हात गार पडले होते. करड्या पुठ्ठ्याचा डबा, वर चिठ्ठी, आत उभी लावलेली फोल्डरं. शेजारच्या टेबलावर एक तरुण भिंग घेऊन लॅटिन पोथी वाचत होता, पलीकडे एक वयस्क बाई छायाचित्रं बघत होत्या. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पंधरा मिनिटांनी माझाही त्या खोलीशी परिचय झाला आणि भीती गेली.

पहिल्या दिवशी कुणीही करेल तेच मी केलं, प्रत्येक कागद शब्दन्‌शब्द वाचू लागले. दुपारपर्यंत ध्यानात आलं की या गतीने एक डबाही होणार नाही. वाचनकक्षातल्या ग्रंथपाल बाईंनी आपणहून सुचवलं की आधी पूर्ण फोल्डर नुसतं चाळा, काय प्रकारचे कागद आहेत त्याची नोंद करा, फोटो घ्या, आणि वाचन घरी करा. फ्लॅश न वापरता स्वतःच्या अभ्यासासाठी फोनने फोटो घेता येतात. यात एक सवय पहिल्यापासून लावून घ्या. प्रत्येक फोल्डर उघडल्यावर पहिला फोटो फोल्डरच्या मथळ्याचा, डब्याच्या क्रमांकासह. मग आतली पानं. नाहीतर घरी आल्यावर शेकडो फोटोंत कुठलं पान कुठलं हे लागत नाही, आणि क्रमांकाशिवाय त्या फोटोचा संदर्भ म्हणून काही उपयोग राहत नाही.

अशा कागदांची काही लक्षणं मला तिथे बसून कळत गेली, ती सांगते. टंकलेखनाच्या काळात पाठवलेलं पत्र समोरच्याकडे जायचं आणि पाठवणाऱ्याकडे राहायची ती कार्बन प्रत, पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदावरची. त्यामुळे कुणाच्याही दप्तरात आलेली पत्रं मूळ आणि गेलेली पत्रं कार्बन असतात, आणि जे हाताने लिहून पाठवलं त्याची प्रत बहुधा नसतेच. ती दुसऱ्याच कुणाच्या दप्तरात, दुसऱ्याच गावी असते. १९८० आणि ९०च्या दशकांतल्या थर्मल फॅक्सची अक्षरं फिकट होत जातात, म्हणून अभिलेखागारं त्यांच्या साध्या कागदावर प्रती काढून ठेवतात. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी आणि ठिसूळ असतात, ती सर्वांत जपून उलटावी लागतात. आणि माझ्या प्रश्नासाठी सर्वांत उपयोगी खूण पत्रांच्या तळाशी असते. अमेरिकन व्यावसायिक पत्रात सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं टंकायची पद्धत होती. आधी मजकूर सांगणाऱ्याची, मग टंकणाऱ्याची. दोन-तीन बारीक अक्षरं, पण पत्र कुणाच्या डोक्यातून आलं आणि कुणाच्या बोटांतून उतरलं याचा माग त्यावरून लागतो.

दुपारी डबा खायला बाहेर यावं लागतं. लो लायब्ररीच्या रुंद पायऱ्यांवर ऊन होतं, तिथे बसून पोळी-भाजी खाल्ली. बटलर बांधून होईपर्यंत ही लो हीच विद्यापीठाची मुख्य ग्रंथालयाची इमारत होती. म्हणजे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर इथे शिकत असताना जिथे वाचत बसायचे ती हीच. त्यांचे शिक्षक अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांचे कागदही आता बटलरच्या सहाव्या मजल्यावरच्या याच विभागात जपलेले आहेत. मराठी वाचकांपैकी कुणाला बाबासाहेबांच्या कोलंबियातल्या दिवसांवर काम करायचं असेल तर वाट हीच आहे, तेच खातं, तोच वाचनकक्ष. त्या पायऱ्यांवर बसून मला फार धीर आला. शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडून, मोजकी शिष्यवृत्ती घेऊन आलेला एक विद्यार्थी या इमारतीत पुस्तकांवर हक्काने बसला होता. माझ्यापाशी तर शिजवलेला डबा आणि परतीचं तिकीट होतं.

८ एप्रिलला पुन्हा गेले. आता खातं होतं, ओळख होती, प्रवेशद्वारावरचा वेळही वाचला. या खेपेला मी मसुद्यांकडे वळले, आणि इथे माझा प्रश्न बदलला.

मी गेले होते ते कुठली ओळ कुणाची हे शोधायला. ते टंकलिखितावरून ठरत नाही. दोन माणसं दिवसभर एका घरात एकाच विषयावर बोलत असतील, एकाने वाचलेलं दुसरा मांडत असेल, दुसऱ्याने मांडलेलं पहिला खोडत असेल, तर कागदावर उतरलेलं वाक्य कुणाचं? समासात पेन्सिलीच्या दुरुस्त्या दिसल्या की मन लगेच अक्षर ओळखायला धावतं, पण दोन-चार नमुन्यांवरून अक्षर ओळखल्याचा दावा करणं बरोबर नाही. त्याला अक्षराचे खात्रीचे नमुने बरेच लागतात, तारखेसह. म्हणून मी प्रश्न असा केला: कामं कोणती होती आणि ती कोण करत होतं? कात्रणं कोण लावत होतं, पत्रांना उत्तर कोण देत होतं, व्याख्यानांच्या तारखा, प्रकाशकांशी बोलणी, प्रवासाची आखणी कोण सांभाळत होतं. याची उत्तरं कागद देतात, कारण कामाला तारीख असते, आद्याक्षरं असतात, पाकिटावर नाव असतं. सहलेखनाचा विचार करताना आपण वाक्यांवर अडून बसतो. पुस्तक उभं राहतं ते या सगळ्या कामावर, आणि अशा कामाचं श्रेय बायकांच्या नावावर फार उशिरा लागतं. हे मी चिडून लिहीत नाही, पण ठामपणे लिहिते आहे.

पत्रांमधला मजकूर मी इथे उतरवलेला नाही. त्याचं कारण हक्काचं आहे आणि ते प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. कागद ग्रंथालयाच्या ताब्यात असले तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. अमेरिकन कायद्यात अप्रकाशित लेखनाला लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण आहे. ॲल्विन जून २०१६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०८६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. हायडी फेब्रुवारी २०१९ मध्ये गेल्या, त्यांचं २०८९ अखेरपर्यंत. त्यांना आलेल्या पत्रांचा हक्क ती पाठवणाऱ्यांचा, त्यामुळे प्रत्येक पत्राचा हिशेब वेगळा. वाचायला, टिपणं काढायला, स्वतःच्या शब्दांत सांगायला अडचण नसते. लांब उतारा किंवा पानाचा फोटो छापायचा असेल तर मात्र हक्कदार शोधून परवानगी घ्यावी लागते, आणि ती जबाबदारी आपली असते.

आणखी एक मर्यादा मी स्वतःला घालून घेतली. टॉफ्लर दांपत्याची एकुलती एक मुलगी कॅरन दीर्घ आजारानंतर २००० साली गेली. घरच्या कागदांकडे मी वळले नाही. माझ्या प्रश्नाला त्यांची गरज नव्हती, आणि गरज नसताना कुणाच्या दुःखाची पानं उघडावीत असं मला वाटलं नाही. व्यक्तिगत संग्रहांत काही डबे ठरावीक काळापर्यंत बंद असू शकतात हेही लक्षात ठेवा. सूचीत तशी नोंद असते. ती दिसली की वाद न घालता पुढे जायचं.

परतीच्या ट्रेनमध्ये ‘फ्यूचर शॉक’ची प्रत पुन्हा चाळत होते. सुरुवातीलाच एक हिशेब आहे. माणसाची गेली पन्नास हजार वर्षं बासष्ट-बासष्ट वर्षांच्या आयुष्यांत विभागली तर सुमारे ८०० आयुष्यं होतात. त्यातली ६५० गुहांत गेली. लेखनामुळे एका आयुष्यातून दुसऱ्या आयुष्याशी बोलता येऊ लागलं ते शेवटच्या सत्तर आयुष्यांत, आणि छापलेला शब्द सामान्य लोकांनी पाहिला तो शेवटच्या सहांत. याच पुस्तकात वापरून फेकायच्या वस्तूंवर एक प्रकरण आहे, त्यात जुनी देऊन नवी घ्यायच्या बार्बीपासून कागदाच्या लग्नाच्या पोशाखापर्यंत उदाहरणं आहेत. सगळं क्षणभंगुर होत चाललंय असं इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यांनी स्वतःचे कागद मात्र फेकले नाहीत. त्यांना ठाऊक होतं की एका आयुष्याने दुसऱ्याशी बोलायचं तर काहीतरी मागे ठेवावं लागतं, आणि त्यामुळेच इतक्या वर्षांनी कोल्हापूरच्या एका बाईला ते वाचता आले. याबद्दल मला त्या दोघांविषयी, आणि ही दप्तरं लावून ठेवणाऱ्या निनावी अभिलेखपालांविषयी, खरोखर कृतज्ञता वाटते.

मे महिना फोटो लावण्यात गेला. प्रत्येक फोल्डरचं एक पीडीएफ, नावात डबा आणि फोल्डर क्रमांक, आणि सोबत एका वहीत तीन रकाने: तारीख, काम, आद्याक्षरं. फोटोंची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर. संदर्भ देताना कागदाचं वर्णन, तारीख, डबा, फोल्डर, संग्रहाचं नाव, विभाग आणि विद्यापीठ, असा क्रम मी पाळते. पुढे कुणाला तपासायचं असेल तर त्याला तोच कागद मिळाला पाहिजे.

ज्यांना अमेरिकेत येणं शक्य नाही त्यांनीही सूची जरूर वाचावी. नेमका डबा आणि फोल्डर सांगितलं तर बऱ्याच अभिलेखागारांत ठरावीक शुल्क घेऊन थोड्या पानांचं स्कॅन पाठवायची सोय असते. मेलमध्ये एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि उत्तराला दोन-तीन आठवडे लागतील हे धरून चाला. ध्वनिफिती किंवा व्हिडिओ हवे असतील तर आणखी वेळ धरा, कारण जुन्या फिती वाचनकक्षात वाजवत नाहीत, आधी त्यांचं डिजिटल रूप करावं लागतं.

माझं पुढचं काम एटी अँड टीबद्दल आहे. या टेलिफोन कंपनीसाठी ॲल्विन यांनी १९७२ साली एक अहवाल दिला होता, कंपनीचे तुकडे करावेत अशी त्यात सूचना होती. १९८४ साली कंपनी खरोखर विभागली गेली आणि पुढच्या वर्षी तो अहवाल ‘द ॲडॅप्टिव्ह कॉर्पोरेशन’ या नावाने पुस्तकरूपात आला. फाउंड्रीतल्या संघटनेची प्रतिनिधी असलेल्या हायडींचा या कामात कितपत हात होता, हे मला बघायचं आहे. सूची पुन्हा वाचायला घेतली आहे, सप्टेंबरमध्ये रजा मिळाली की मागणी नोंदवेन. प्लेन्सबरो-एडिसन भागातलं कुणी त्या सुमारास जाणार असेल तर प्रिन्स्टन जंक्शनहून सकाळची गाडी सोबत धरू. पेन्सिली मी जास्तीच्या आणते.